झाडांचा नमस्कार

डोंगराच्या पायथ्याशी ताडपत्रीच्या मांडवात दोनशे माणसं एका बाबांपुढे हात जोडून बसली होती आणि उतारावरची झाडं त्यांच्याकडे वाकली होती. आठ दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. झाडं रोज थोडी थोडी जास्त झुकत. बाबांचा चेला खांबावर चुन्याची रेघ मारून माप जाहीर करी, की टाळ्यांचा कडकडाट.

"मी बसलो, झाडं वाकली!" बाबा म्हणत. "लाकडाला कळलं, तुम्हाला कधी कळणार?"

मागे उभ्या गवंड्याला सगळे ओळंब्या म्हणत. दोरीला वजन बांधलेला ओळंबा लावून भिंत सरळ आहे का, हे बघितल्याशिवाय तो कुणाकडे पाणीसुद्धा पीत नसे. सकाळी त्याने झाडांनाही ओळंबा लावला होता. चेल्याचं माप अगदी बरोबर होतं. म्हणूनच तो पुढे सरकला, कारण पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती.

"बाबा, झाडं आपल्याला वाकतात ना?" त्याने विचारलं. "मग आज आपण त्यांच्या वरच्या अंगाला बसा. ती तिकडे वळली, तर जन्मभर आपले पाय चेपीन."

बाबांनी वरचा चिखल बघितला. "माझे गुडघे धरलेत," ते म्हणाले. कालच त्यांनी अकरा जणांचे गुडघे बरे केले होते.

"गप रे!" आई कडाडली. "चारचौघांत मला मान खाली घालायला लावू नकोस. मी इथून हलणार नाही."

ओळंब्याने हुज्जत घातली नाही. त्याने घमेलं आणलं आणि त्यात गुळगुळीत फरशी तिरकी ठेवली. "हा आतला कातळ, जुन्या लाव्हाचा." वर तांबडी माती थापली. "ही झिजलेल्या दगडाची माती." मातीत काड्या खोचल्या. "ही झाडं." मग आईच्या नाकावरचा चष्मा काढून उताराखाली ठेवला. "आणि ही तू."

तो डब्याने हळूहळू पाणी ओतू लागला. काड्या वाकल्या. एका आजींनी सवयीने हात जोडले.

"आजी, बाबा तर तिकडे बसलेत. काड्या कुणाला वाकल्या?"

आजींनी हात खाली घेतले.

"पाणी मातीत मुरतं, कातळावर अडतं. तिथे साचलं की मातीला आतून उचलतं आणि तिची पकड सुटते. झाडं वाकत नाहीत, त्यांच्याखालची जमीन सरकतेय."

आणखी एक डबा ओतला. सगळा थर एकदम घसरला आणि चष्मा दिसेनासा झाला.

आई घमेल्याकडे बघत राहिली. चष्म्याशिवाय तिला फारसं दिसत नसे, पण एवढं दिसलं.

"तो चष्मा धुऊन दे," ती उठत म्हणाली, "आणि माझा हात धर."

तिच्यामागे रांगच्या रांग उठली आणि पलीकडच्या माळावरच्या शाळेत गेली. बाबा सगळ्यांच्या पुढे होते. गुडघे उत्तम चालत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगराची ती कूस झाडांसकट खाली आली. मांडव, खांब, चुन्याच्या रेघा, सगळं गाडलं गेलं. माणूस एकही नाही. उताराखालचं आईचं घर मात्र गेलं. ते ओळंब्याने स्वतः बांधलं होतं. तो हमसून रडला.

आई आता भेटेल त्याला सांगते, "जोराच्या पावसात उतारावरची झाडं कलली, जमिनीला नवी भेग पडली, झरा एकाएकी गढूळ झाला, तर आधी लांब जा. असं का झालं, ते कुणा जाणत्याला मग विचारा. नमस्कार करायचाच असेल, तर समोरच्या टेकडीवरून करा. झाडांची काही हरकत नसते."