रिकामं पारडं

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. भाजी तोलणारा नाही आणि सोनं तोलणारा तर नाहीच. मी बारूद तोलतो. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातले शिकारी झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून देत नाहीत. ती धुऊन, पुसून तिच्यात नवी बारूद आणि नवी गोळी भरतात. ही बारूद किती घालायची, ते मी सांगतो. तांदळाच्या एका दाण्याचे तीन तुकडे करा आणि त्यातला एकच माझ्या पारड्यात टाका, तरी माझी दांडी हलते.

आणि एकदा हलली की लवकर थांबत नाही. हल्लीच्या काट्यांना दांडी शांत करायला लोहचुंबक असतं. माझ्यात ते नाही. मी वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. माझ्यासमोर बसणाऱ्याला थांबावं लागतं.

माझं लोखंड दूर सपाटीवरच्या एका कारखान्यात ओतलं गेलं. हिरवा रंग चढल्यावर मला एका बाईंसमोर ठेवलं. त्यांनी माझ्यावर काहीच तोललं नाही. नुसतं रिकामं पारडं टांगलं आणि दांडीचं टोक शून्याच्या रेघेवर येऊन थांबेपर्यंत वाट पाहिली. मग माझ्या पायाचा स्क्रू केसभर फिरवून पुन्हा वाट पाहिली. माझ्या आयुष्यातला तो पहिला संस्कार. रिकामा असताना मी खरा ठरलो, तर भरलेला असतानाही खरा ठरणार.

तिथून मी या डोंगरात, गुरांच्या ढेपेच्या आणि खिळ्यांच्या एका दुकानात आलो. अर्लिस फ्यूगेट नावाच्या सव्वीस वर्षांच्या खाणकामगाराने मला घरी नेलं. त्या गोष्टीला आता एक्केचाळीस वर्षं झाली. अर्लिसची दाढी पांढरी झाली, खाण बंद पडली, पण तळघरातलं माझं टेबल तेच राहिलं.

अर्लिसची शिस्त सांगतो. खाली आला की आधी तो गरम हवेचा पंखा बंद करायचा, कारण मला वारा सोसत नाही. टेबलावर बारूदीचा एकच डबा ठेवायचा, दुसरा कपाटात. मग रिकामं पारडं टांगायचा, वाकून रेघ पाहायचा आणि म्हणायचा, "शून्य, देवा." हे म्हटल्याशिवाय त्याने कधी डब्याचं झाकण उघडलं नाही.

दुसरा नियम गाण्याचा. अर्लिसच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वाद्य नाही. उपदेशक बोलता बोलता सुरात शिरतो, त्याचं बोलणंच गाणं होतं, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं. भजनाची ओळ एकाने सांगायची आणि सगळ्यांनी लांबवून म्हणायची. ओळ सांगण्याचा मान अर्लिसकडे होता. तो तळघरात सराव करायचा तेव्हा त्याच्या आवाजाने माझी दांडीसुद्धा थरथरायची. म्हणून सूर लागला की तो मला रिकामं करून बाजूला सारायचा. गाणं आणि तोलणं एका वेळी नाही. देवाचं काम वेगळं, हाताचं वेगळं, असं त्याला वाटत नसे. दोन्ही पुरतं मन मागतात, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

महिन्यातून एका गुरुवारी संध्याकाळी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत ही काडतुसं भरणारी मंडळी जमतात. नवा माणूस आला की त्याने उभं राहून ओळख करून द्यायची. नाव सांगायचं, कुठल्या खोऱ्यातला, रायफल कोणती, आणि शेवटी बारूदीच्या कामात स्वतःच्या हातून झालेली एक चूक. ही रीत अर्लिसनेच पाडली होती. ज्याला आपली चूक आठवत नाही, त्याच्या शेजारी उभा राहून मी बार काढणार नाही, असं तो म्हणायचा.

त्याची स्वतःची चूक सगळ्यांना पाठ होती. पहिल्याच वर्षी एका काडतुसात बारूद भरायची राहिली. हरीण समोर उभं आणि रायफल नुसती टिक् करून गप्प. हरीण म्हणे त्याच्याकडे दया आल्यासारखं बघत निघून गेलं. तीस वर्षं लोक त्यावर हसत होते, आणि अर्लिस तीस वर्षं तीच चूक सांगत होता. कुणी दुसरी विचारली नाही. अर्लिसचा काटा म्हणजे शेवटचा शब्द, असं मंडळी म्हणायची. खोटं कशाला बोलू, मलाही ते गोड वाटायचं.

या लोकांचा आणखी एक नियम आहे. दुसऱ्याने भरलेलं काडतूस कुणी आपल्या रायफलीत घालत नाही. सख्ख्या भावाचंही नाही. याला अपवाद एकच होता, अर्लिसच्या बायकोचा, ओपलचा भाऊ व्हर्जिल. खाणीत दगड पडून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आणि अर्धा अंगठा गेला. चाप ओढता येतो, पण बारीक काम होत नाही. एकोणीस वर्षं दर हंगामाला अर्लिस त्याला वीस काडतुसं भरून देतो, आणि व्हर्जिल ती न बघता खिशात टाकतो.

आता या वर्षाचं ऐका.

ओपलने पानगळीच्या दिवसांत परसात मोठी कढई मांडून सफरचंदाचा मुरंबा घोटला. वरची फळी भरली, तेव्हा उरलेल्या बरण्या घेऊन ती खाली आली आणि मला टेबलाच्या कडेला सरकवलं. त्या सरकवण्यात माझ्या पायाचा स्क्रू फिरला. मी पडलो नाही. जरासा कललो, इतकंच.

सोमवारी दुपारी अर्लिस खाली आला. रविवारच्या मोठ्या मेळाव्यात त्याला एक नवं भजन सांगायचं होतं आणि त्याची चाल डोक्यात घोळत होती. तो गुणगुणतच बसला. पंखा बंद केला. डबा एकच ठेवला. मी वाट पाहत होतो, आता रिकामं पारडं टांगेल, आता वाकेल, आता म्हणेल. त्याने सरळ बारूद ओतली.

मित्रांनो, त्या दुपारी मी जितका तळमळलो तितका कधी नाही. मी खोटं बोलत होतो आणि मला गप्प बसता येत नव्हतं. टोक रेघेवर आलं की तो मान डोलवायचा, आणि मी ओरडू शकत नव्हतो. वीस काडतुसं व्हर्जिलची आणि वीस त्याची स्वतःची. प्रत्येकात तांदळाच्या पाच-सहा दाण्यांएवढी बारूद जास्त. खिचडीत तेवढे दाणे जास्त पडले तर कुणाला कळणारही नाहीत. पण व्हर्जिलच्या रायफलीला आधीच काठोकाठ भरून लागायची. बंद लोखंडात, माणसाच्या गालापासून चार बोटांवर, ते पाच-सहा दाणे काय करतील हे अर्लिसला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

संध्याकाळी व्हर्जिल आला, घेवडा आणि मक्याची भाकरी जेवला, डबी खिशात टाकून गेला. बुधवारी तो कड्यावरच्या आपल्या लाकडी खोपटात राहायला गेला. शनिवारी पहाटे शिकारीचा हंगाम उघडणार होता.

गुरुवारी मंडळी जमली. त्या दिवशी डार्ला नावाच्या एक बाई नव्याने आल्या होत्या. शाळेची बस चालवतात, नवरा वारला, त्याचं काडतुसं भरायचं यंत्र धूळ खात पडलेलं बघवेना म्हणून शिकायला आल्या. उभं राहून त्यांनी नाव सांगितलं, खोरं सांगितलं आणि चूक सांगितली. उरलेली बारूद त्यांनी भलत्याच डब्यात ओतली होती. कळल्यावर दोन्ही डबे परसातल्या वाफ्यात पसरून टाकले.

"पुढच्या वर्षी टोमॅटो तोडताना फार वाकू नका, बाई," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, आणि रीतीप्रमाणे एका सुरात म्हणाले, "स्वागत आहे, ताई."

मग काटा कसा वापरायचा ते दाखवायला अर्लिसने मला खोक्यातून काढून टेबलावर ठेवलं. रिकामं पारडं टांगलं. माझी दांडी वर गेली, खाली आली, आणि थांबली ती रेघेच्या चांगलीच बाजूला.

अर्लिसचा हात तिथेच राहिला.

पिकअपमध्ये हादरे बसले असतील, असं कुणीतरी म्हणालं. "हो," अर्लिस म्हणाला, "रस्ता फार खराब झालाय." त्याने स्क्रू फिरवून मला सरळ केलं. डार्लाबाईंनी साधेपणाने विचारलं की घरी बसतानाही आधी हेच करता का. "हेच करतो," तो म्हणाला. पण स्क्रूवरचं त्याचं बोट गार पडलं होतं. ते फक्त मला कळलं.

शुक्रवारी सकाळी त्याने न्याहारी तशीच ठेवली. तो खाली आला, मला रेघेवर आणलं आणि सोमवारचं आपलं एक काडतूस उघडून त्यातली बारूद पारड्यात ओतली. जास्त. दुसरं उघडलं. तेही जास्त. तिसरं उघडायला त्याचा हात धजेना. तेवढ्यात ओपल जिन्यावर येऊन उभी राहिली. अर्लिसने तिला सगळं सांगितलं, बरण्यांचं मात्र सांगितलं नाही. तिनेच त्या बरण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खालच्या पायरीवर बसली.

"मी सरकवला होता."

"तू सरकवलास. बघायचं माझं काम होतं."

"मग बसलायस कशाला? मला एकच भाऊ आहे."

"वर फोन लागत नाही."

"गाडी आहे. पाय आहेत. ऊठ."

त्याने मला खोक्यात घालून शेजारच्या सीटवर ठेवलं. का, ते मला कळलं नाही. वाटेत तो मोठ्याने बोलत होता. व्हर्जिल, अरे, त्या पुंगळ्या जुन्या निघाल्या. नाही जमलं. व्हर्जिल, दुकानदाराने बारूदच भलती दिली. तेही नाही. वळणावळणाला एक नवं कारण तयार होत होतं आणि मी खोक्यात खडखडत होतो. दुकानातून घेतलेली विकतच्या काडतुसांची डबी माझ्या शेजारी होती. ती हातात द्यायची, जुनी परत घ्यायची, कारण एवढंसं सांगायचं. एकोणीस वर्षांचा मान जागेवर राहिला असता.

गाडीचा रस्ता संपतो तिथून चढ आहे. खोकं काखेत मारून अर्लिस चढला. दर वीस पावलांवर थांबायचा, आणि वरून बार ऐकू येतोय का म्हणून कान द्यायचा.

खोपटाच्या ओट्यावर व्हर्जिल बसला होता. रायफल मांडीवर, डबी उघडी. सकाळी नेम तपासायला एक बार काढला होता, तो सांगू लागला. बार निघाला पण पुंगळी बाहेर काढायचा खटका उघडेना, शेवटी लाकडाने ठोकून उघडला. थंडीने आखडला असेल. आता दुसरा काढून बघणार होता.

अर्लिस म्हणाला, "व्हर्जिल, त्या पुंगळ्या..." आणि थांबला. खोकं खाली ठेवून त्याने मला बाहेर काढलं आणि ओंडक्यावर ठेवलं. वाऱ्यात माझी दांडी नुसती झुलत होती. काही तोलता येणार नव्हतं आणि त्याला तोलायचंही नव्हतं.

"पुंगळ्या चांगल्या आहेत. मी शून्य पाहिलं नाही. गात बसलो होतो. सगळ्या काडतुसांत बारूद जास्त पडलीय. आणि काल सगळ्यांसमोर मी दोष रस्त्यावर ढकलला."

व्हर्जिलने रायफल मांडीवरून उतरवून भिंतीला टेकवली. मग तीन बोटांच्या हाताने डबी मिटून त्याने पुढे केली. आत एकोणीस होती.

"लोक तुझ्या काट्याचं कौतुक करतात," तो म्हणाला. "तो लोखंडाचा आहे, अर्लिस. माझा भरवसा त्याच्यावर कधीच नव्हता. तुझ्यावर होता."

"होता?"

"दम खा आधी. एवढा चढून आलायस." त्याने ओट्यावर जागा केली. "आणि उद्या मी काय मारू? दगड?"

अर्लिसने विकतची डबी दिली. व्हर्जिलने ती नाकाशी नेऊन हुंगली. "दुकानातली. हरणांना कळलं तर लाज काढतील." अर्लिसला हसायचं होतं, पण त्याचा चेहरा भलतीकडेच गेला. व्हर्जिल मुद्दाम झाडांकडे बघत राहिला.

रविवारी अर्लिसने ओळ सांगितली. ओपल म्हणाली, आवाज फाटला होता, पण लोक रडले.

पुढच्या महिन्याच्या गुरुवारी नवं कुणी आलं नव्हतं. तरी अर्लिस उठला आणि नवे लोक जिथे उभे राहतात तिथे, दाराजवळ, जाऊन उभा राहिला. मी टेबलावर होतो. लोकांना वाटलं हरणाची गंमत येणार, काहींनी हसायची तयारीही केली.

"माझं नाव अर्लिस फ्यूगेट," तो म्हणाला. "बीच खोऱ्यातला. रायफल तुम्हाला ठाऊक आहे. चूक पाच आठवड्यांपूर्वीची आहे." आणि त्याने गाण्यापासून ओंडक्यापर्यंत सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी डार्लाबाईंना आपण खोटं उत्तर दिलं, तेही सांगितलं.

कोपऱ्यात व्हर्जिल टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. मग डार्लाबाई म्हणाल्या, "स्वागत आहे, अर्लिसभाऊ." आणि मागोमाग सगळी खोली तेच म्हणाली, हळू, लांबवून, भजनाची ओळ उचलावी तशी.

मित्रांनो, मी आता गंजलो आहे. माझा हिरवा रंग पोपडे धरून निघतो. मला तेलपाणी नको, शोकेसही नको. मागणं एकच आहे. तुमच्याकडेही असा एखादा काटा असेल, कुणाचा हातात, कुणाचा जिभेवर, कुणाचा मनात. लोक त्याला खरा म्हणू लागले की त्याच्याकडे नीट बघा. काही घालण्याआधी तो रिकामा टांगून पाहा आणि थांबेपर्यंत वाट पाहा. वाट पाहताना जीव कासावीस होतो, ते मला माहीत आहे. माझा रोज होतो.

मुरंब्याच्या बरण्या ओपलने वर नेल्या आहेत. व्हर्जिलने परवा वीस नाही, चाळीस रिकाम्या पुंगळ्या भरायला पाठवल्या. सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती. आत्ता अर्लिस जिना उतरतो आहे. गाणं त्याने दारातच थांबवलं. पंखा बंद झाला. रिकामं पारडं टांगलं गेलं. माझी दांडी वर जाते आहे, खाली येते आहे, आणि तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला आहे. डब्याचं झाकण अजून बंद आहे.