अकरा विहिरींची टेप

मित्रांनो, निरगुडसरच्या एका घरात फडताळाशेजारच्या खिळ्याला जी पिवळी टेप लटकते आहे ना, ती मी. एके काळी पुरी तीस मीटर लांब होते. आता थोडी कमी आहे, आणि त्या थोड्यानेच एका घराची पाच वर्षं मातीत घातली.

कारखान्यात माझ्या अंगावर आकडे छापले, तेव्हा सगळ्यांत पुढे शून्य होता आणि त्याच्यापुढे एक पितळी कडी. टेपची अब्रू त्या शून्यात असते. बाकीचे आकडे कितीही ऐटीत उभे राहोत, उभे असतात ते त्याच्याच भरवशावर. मंचरच्या बाजारपेठेत सुभाषचंद शेठजींच्या दुकानात मी वर्षभर धूळ खात पडले होते. मग एक दिवस अमृता तिच्या वडिलांना, बाजीरावांना, घेऊन आली. शेठजींनी मला हातभर ओढून दाखवलं आणि जपून वापरायला सांगितलं. बाजीरावांनी मान डोलावली. तो माणूस शब्दाचा पक्का, हे मला पुढे फार महागात पडलं.

अमृता पुण्याला भूशास्त्रात संशोधन करत होती. गावातल्या अकरा विहिरींचं पाणी दर महिन्याला किती खोल आहे ते पाच वर्षं मोजायचं आणि त्यावर शोधनिबंध लिहून भूशास्त्राच्या नियतकालिकाला पाठवायचा, असं तिचं काम. निबंध छापला गेला तरच तिला प्रबंध सादर करता येणार होता. ती पुण्यात आणि विहिरी गावात, म्हणून मोजायचं बाजीरावांनी. विसर पडू नये म्हणून त्यांनी दिवस ठरवला पौर्णिमेचा. सकाळी घरात बुद्धवंदना झाली, की पांढऱ्या सदऱ्यावरच ते मला काखोटीला मारून निघत.

माझ्या कडीला मोटारीचा जुना नट बांधलेला असे. मला विहिरीत सोडायचं, नट पाण्याला टेकला की थांबायचं, आणि कठड्यावरच्या लाल खुणेशी जो आकडा येईल तो मोबाइलवर अमृताला कळवायचा. साठ पौर्णिमा गेल्या, त्यांची एकही चुकली नाही. विहिरीवर धुणं धुणाऱ्या सरूबाई त्यांना बघून म्हणायच्या, "आलं बाई आमचं पाण्याचं सायेब." बाजीराव वरवर रागवत, पण मिशीत हसत. मीही तेव्हा तोऱ्यात होते, खोटं कशाला बोलू?

विहिरीच्या दगडांना घासून माझ्या पुढच्या टोकाच्या दशा निघू लागल्या. बाजीरावांनी जन्मभर विहिरीचे दोर हाताळलेले. दोराचं तोंड विसकटलं की तेवढं कापायचं आणि नवी गाठ मारायची, हे त्यांना वडिलांनी शिकवलेलं. त्यांनी तेच केलं. विळ्याने चार बोटं कापलं, नट पुन्हा बांधला आणि वर वायरीची काळी पट्टी अशी घट्ट गुंडाळली की पाहणाऱ्याला माझं टोक नव्यासारखं दिसावं. पहिल्याच कापात कडी गेली आणि शून्य गेला. मला ओरडता आलं असतं तर मी सगळं शिवार गोळा केलं असतं. पण ते मला फडक्याने पुसत होते, शेवाळ काढत होते, सावलीत वाळवत होते. असं सात वेळा झालं.

पाच वर्षं भरली तशी अमृता घरी आली आणि लिहायला बसली. दोन महिने ती नकाशे काढत होती, आलेख जुळवत होती, संदर्भांच्या यादीतला एकेक स्वल्पविराम तपासत होती. अकराही विहिरींचं पाणी पाच वर्षांत अर्धा मीटर खाली गेलं आहे, हा तिचा शोध. शेवटी आभारात तिने वडिलांचं नाव लिहिलं. बाजीरावांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी मोबाइलवरचा तो कागद त्यांनी शेठजींना दुकानात जाऊन दाखवला.

पहिल्या नियतकालिकाने निबंध सहा दिवसांत परत पाठवला, विषय आमचा नाही म्हणून. तिने दुसऱ्याच्या नियमाप्रमाणे सगळा पुन्हा मांडला. तिथे तो पाच महिने राहिला. दोन परीक्षकांपैकी एकाने तोंड भरून कौतुक केलं. दुसऱ्याने एवढंच विचारलं, की टेपचा शून्य तपासला होता का? टेपचं छायाचित्र जोडा. उत्तराला तीन आठवडे होते. जूनअखेर तिची संशोधनाची मुदत संपत होती, आणि ती दोनदा वाढवून झालेली.

तिने मला हसतच अंगणात आणलं. शून्य नीट दिसावा म्हणून काळी पट्टी सोडली. खाली आकडा होता बावन्न सेंटिमीटरचा. ती मला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली आणि तिने बाजीरावांना हाक मारली.

"आबा, टेपचं तोंड तुमी कापलं?"

"व्हय की," बाजीराव खुशीत म्हणाले. "इसकाटलं की कापायचं. न्हाईतर पार आतपतूर उसवत जाती."

"कधी कापलं?"

"कापलं आसंल पाच-सा येळा. आता त्ये कोण मोजतंय?"

मित्रांनो, पुढून कापलेली टेप पाणी आहे त्याहून खोल सांगते. दर कापाला मी चार बोटं जास्त खोल सांगत गेले. पाणी उतरलंच नव्हतं, मी आखूड होत होते. अमृताने दोन दिवस आकड्यांत डोकं घातलं, कोणता काप कुठे पडला ते सापडतंय का म्हणून. पण विहिरीचं पाणी दर महिन्याला हातभर वरखाली होतं, त्यात चार बोटं कुठे शोधायची? तिची आई द्रौपदाबाई म्हणाल्या, "म्हंजे पाणी हाय तितंच हाय. बरंच झालं की." बरंच होतं ते. पण त्या घरात आनंद करायची ताकद कुणाला नव्हती.

तिसऱ्या दिवशी अमृताने काळी पट्टी मला पुन्हा गुंडाळली आणि फोटो काढला. फोटोत मी अगदी धडधाकट दिसत होते. तिने तो खूप वेळ पाहिला आणि पुसून टाकला. मग ती निबंध मागे घेण्याचं पत्र लिहू लागली. काय लिहिलंस, असं बाजीरावांनी विचारलं. टेप सदोष निघाली असं लिहिलंय, ती म्हणाली.

"टेपला बोल लावू नगं. टेप चांगली हाय. कापली म्या, तसं लिव."

"मोजणी तोंडापासनं सुरू व्हती, हे मीच तुमाला सांगितलं न्हाई, आबा."

"न्हाई सांगितलंस. पर म्या बी इचारलं न्हाई."

तिने ओळ खोडली आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. पत्र गेलं. जून संपला आणि तिचं नाव संशोधकांच्या यादीतून निघालं. आता ती एका क्लासमध्ये भूगोल शिकवते. पौर्णिमेला वंदना झाली की बाजीराव दारात बसून राहतात. सरूबाईंनी एकदा विचारलं, येत का नाही म्हणून. ते आता स्वतःच्या विहिरीतही डोकावत नाहीत.

मला मात्र ते सातही दिवस पाठ आहेत. दुसऱ्या वर्षीची माघी पौर्णिमा, सरूबाईंची विहीर, चार बोटं. त्यानंतरची भाद्रपदातली, तीन बोटं. हे सांगता आलं असतं तर अमृताचे सगळे आकडे एका दुपारीत दुरुस्त झाले असते.

म्हणून माझी विनवणी ऐका. वस्तू जपा, पण तिचं काम कुठून सुरू होतं ते देणाऱ्याने सांगा आणि घेणाऱ्याने विचारा. मी मुकी होते. त्या घरातल्या माणसांना बोलता येत होतं, आणि पाच वर्षं ती एकमेकांशी दर पौर्णिमेला फक्त आकडे बोलली.