झाकणाच्या आतला रातकिडा

मित्रांनो, मी सणाचे जेवण वाढायचा एक जुना नक्षीदार डबा आहे. जुना झालो तो राबून नव्हे, नुसता बसून! याचाच मला संताप येतो.

जपानमधल्या वाजिमा गावात साकुजी नावाच्या चिताऱ्याने मला रंगवले. आधी माझ्या लाकडावर उरुशीच्या झाडाच्या चिकाचे थरावर थर चढले. हा चीक उन्हात नाही, दमट कपाटात वाळतो. त्यामुळे ओल मला जन्मापासूनच मानवते. मग साकुजीने बारीक कुंचल्याने चिकाचीच रेघ ओढली आणि ती ओली असतानाच तिच्यावर सोन्याची पूड भुरभुरली. बाहेरून मी काळा, अंगावर गवताची चार पाती. पण झाकणाच्या आत त्याने एक रातकिडा बसवला, बोटाला लागेल असा उंच. तो नीट बघता यावा म्हणून साकुजी दिवेलागणीला गवतात जाऊन बसायचा.

त्याची बायको म्हणायची, "अहो, आत कोण बघणार आहे?"

"जेवायला बसतील ते बघतील. झाकण उघडलं की पोरं ओरडतील, 'अरे, किडा!' तेवढं एकदा मला बघायचंय."

मला साकुजीच्या शेजारच्या मात्सुएबाईंनी विकत घेतले. घेतले आणि रेशमी कापडात गुंडाळून कपाटात कोंडले! ओल लागू नये म्हणून भोवती ओल शोषणाऱ्या पुड्याही ठेवल्या. वा रे काळजी! माझा घसा कोरडा पडला, अंग आखडले.

दर नवीन वर्षाला बाई साकुजीला जेवायला बोलवायच्या आणि तो मोठ्या आशेने यायचा. काळे घेवडे, कोळंबी, अंड्याच्या गोड वड्या, सगळे त्याच्यासमोर यायचे ते प्लास्टिकच्या डब्यातून!

"तुमचा डबा अगदी जपून ठेवलाय हं, काका!" बाई कौतुकाने सांगायच्या. मी आत चरफडत बसायचो.

एका वर्षी साकुजी काठी टेकत आला. त्याची नजर पार अधू झाली होती. "मात्सुए, आज त्यातच वाढ ना गं. अजून थोडंफार दिसतंय मला."

बाईंनी मला बाहेर काढले. नातवंडे भोवती जमली. साकुजीने माझ्यावरून हात फिरवला आणि तो थबकला.

"कोपऱ्याला भेग पडलीय."

"अगंबाई! एकदाही वापरला नाही, तरी?"

"म्हणूनच पडली, बाई. याला हात लागू दे, वाफ लागू दे. वाढ तू."

"छे छे, आता भेगेत रस्सा जायचा! आधी बुजवून घेते. पुढच्या वर्षी नक्की हं, काका!"

झाकण न उघडताच मला पुन्हा गुंडाळले. मुलांनी प्लास्टिकचा डबा उघडला आणि साकुजी त्यातलेच जेवला.

भेग बुजली. नवीन वर्ष आले. साकुजी आला नाही. तो पावसाळ्यातच गेला होता.

मित्रांनो, तुमच्या कपाटातही माझ्यासारखे कुणी कोंडलेले असेल. त्याला बाहेर काढा. आज घरात जे शिजले असेल ते त्यात वाढा. ओरखडा पडला तर पडू द्या. आणि ज्याने ते घडवले तो अजून असेल, तर त्याला आजच जेवायला बोलवा.