तिरक्या रेघेपलीकडचा भुंगा

जुन्या वस्तू दुरुस्त करून त्यांचे फोटो टाकणाऱ्यांसाठी आम्ही साईट काढली, आणि लगेच तिच्यावरच्या पानांच्या पत्त्यांवरून माझी न् प्रोग्रामरची जुंपली. त्याला प्रत्येक माणसाला लांबलचक नंबर द्यायचा होता. मी म्हटलं, नंबर तुरुंगात देतात. साईटच्या नावापुढे तिरकी रेघ, मग माणसाचं नाव. पुन्हा रेघ, मग वस्तूचं नाव. कुणी न सांगता अंदाजाने टाईप करता आला, तरच तो पत्ता. तो कुरकुरला आणि कामाला लागला.

पहिलं पान बाबांचं. त्यांचं पूर्ण नाव अजून कुणी घेतलं नव्हतं, तरी हट्ट एकच. "भुंगा लिही."

"अहो बाबा, भुंगा काय? लोक हसतील."

"हसू देत. पत्ता माझा आहे ना?"

डोक्यावर केस नाहीत, गुडघे वाजतात, आणि म्हणे भुंगा! मी कपाळावर हात मारला आणि लिहिलं.

पत्ते खरंच सोपे आहेत का, हे बघायला मी आत्याला बोलावलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. एका बोटाने टाईप करते आणि मरेपर्यंत मदत मागणार नाही. बहीणभावाचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. आजीचं शिलाई मशीन आत्याला हवं होतं. ते बाबांनी भंगारात घातलं, असं ती धरून बसली होती. तिने विचारलं नाही, थेट आरोपच केला, म्हणून बाबाही फुगून बसले. खरं काय ते त्यांनी मलाही कधी सांगितलं नाही.

आत्याला मी रेघेची रीत सांगितली. "आता कुणाचंही पान शोध. मी मदत करणार नाही."

ती चष्मा पुसत राहिली. "तो आहे का यावर?"

"तो कोण?" मी साळसूदपणे विचारलं.

"गप गं," म्हणाली, आणि एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं: भुंगा.

पान उघडलं. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"जेवताना गुणगुणायचा," ती म्हणाली. "माझ्याशिवाय कुणी म्हणत नव्हतं त्याला तसं."

म्हणजे बाबांनी तो पत्ता एकाच माणसासाठी घेतला होता. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तितकीच माया दाटून आली.

आत्याने पुन्हा रेघ मारली आणि पुढे लिहिलं: शिलाईमशीन. बोट अडलं. बाबांनी काय काय टाकलंय ते मीही पाहिलं नव्हतं. पान रिकामं निघालं, तर मशीन खरंच गेलं आणि भाऊही गेला, हे आम्हा दोघींना कळत होतं.

तिने बटण दाबलं.

काळं कुळकुळीत मशीन, नवा पट्टा, लख्ख घासलेलं चाक. खाली बाबांची ओळ: "ताईचं आहे. तेलपाणी करून ठेवलंय. तिने कधीही यावं."

"गाढव कुठला," आत्या म्हणाली, आणि तिने चष्मा काढून डोळे पुसले.

"फोन लावू बाबांना?"

"फोन कशाला? गाडी बोलाव. मशीन मावेल अशी."