शांत मुलांची बालवाडी

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. मूर्तिजापूरपासून सात मैलांवर होतं, एवढं पुरे. तिथली माणसं अजून हयात आहेत, आणि जे घडलं त्यात त्यांच्यापेक्षा माझा हात मोठा होता. तेव्हा नाव सांगायचंच तर माझं सांगते. मी सत्यभामा. त्रेसष्ट साली वय तेवीस, डोक्यात हवा भरलेली, आणि ट्रंकेत अमरावतीच्या सहा महिन्यांच्या बालसेविका प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट.

सरकारनं तेव्हा मनावर घेतलं होतं की खेड्यातल्या पोरांनीही शाळेत जाण्याआधी गाणी म्हणावीत, हातपाय धुवावेत, मणी ओवावेत आणि भुकटीचं दूध प्यावं. विचार चांगला होता, मला तो आजही चांगलाच वाटतो. पण प्रशिक्षणात आम्हाला दाखवलेली मुलं हसरी होती, त्यांची नाकं पुसलेली होती. माझ्या वाट्याला आली ती एकाच वेळी भोकाड पसरणारी एकोणीस पोरं. गावातली आणि गावकुसाबाहेरची, अशा दोन्ही वस्त्यांतली मुलं एका सतरंजीवर बसवण्यात पहिला महिना गेला. ते भांडण मी पदर खोचून जिंकलं. रडण्यापुढे मात्र हात टेकले.

त्यातच दिवाळी झाली आणि कापसाची वेचणी सुरू झाली. बायका उजाडताच शेतात जायच्या त्या दिवेलागणीला परतायच्या. मग दीड-दोन वर्षांची पोरंही थोरल्या बहिणीच्या कडेवर बसून बालवाडीत येऊ लागली. ती नियमात बसत नव्हती, तरी मी घेतली. पट भरलेला दिसतो, हे त्यामागचं एक कारण होतं.

जमुना त्यांतलीच. तिची आई जाईबाई रोजानं वेचणीला जायची, बाप अकोल्याला गिरणीत होता. जमुनाला बहीण नव्हती, म्हणून तिला चतुराबाई आणायची. चतुराबाई म्हणजे माझी मदतनीस, साठीची, घरोघर फिरून पोरं गोळा करणारी. जमुना कधी रडली नाही. ठेवली तिथं बसायची आणि बसल्या जागी पेंगायची. मी बाकीच्यांना तिचं उदाहरण द्यायची. "पाहा जमुना कशी शहाण्यासारखी बसली आहे!" तिच्या आईचंही मी चार बायकांत कौतुक केलं होतं. जाईबाई तेव्हा इतकी लाजली होती की तिला कुठं पाहावं ते कळेना.

एके दिवशी दूध कालवता कालवता चतुराबाई म्हणाली, "बाई, थे पोट्टी शांत नाई. थे गोयीवर हाय."

"कसली गोळी?"

"अफूची. मोहरीएवढी. सकायी चाटवली का दिवसभर पोरगं हू का चू करत नाई. पोट्टं रडलं तं मुकादम मायले वावराच्या धुऱ्यावरून हाकलते, मंग काय करन थे बाई?"

मला ते नीट ऐकू आलं. अफूची दुकानं केव्हाच बंद झाली होती, पण गोळी कुठून कुठून येतच होती, आणि तिच्या बाबतीत दोन्ही वस्त्या एक होत्या. मी चतुराबाईला म्हटलं, "असलं काही बोलू नये," आणि दुसऱ्या दिवशी जमुनाला पुन्हा नेहमीच्या कोपऱ्यात बसवलं. एक पोर तरी रडत नाही, याचं मला बरं वाटत होतं. लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

मग पंचायत समितीतून पोस्टकार्ड आलं. सोमवारी मुख्यसेविकाबाई तपासणीला येणार, मुलं स्वच्छ, शांत व शिस्तीत असावीत. आमची बालवाडी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. ती ठेवायची की मोडायची, हे या भेटीवर ठरणार होतं. बालवाडी गेली असती तर मला अमरावतीला परत जावं लागलं असतं, आणि तिथं माझं लग्न उरकायला सगळे टपून बसले होते.

शनिवारी संध्याकाळी मी सगळ्या आयांना बोलावलं. शेतातून थेट आल्या होत्या, केसांत कापूस अडकलेला. मी त्यांना चांगलं दटावून सांगितलं, "सोमवारी साहेबबाई येणार आहेत. त्या दिवशी एकही पोर रडता कामा नये. रडली तर बालवाडी बंद. मग बसा पुन्हा धुऱ्यावर झोळ्या बांधून."

"अन् एखांदं रडलंच तं?" एकीनं विचारलं.

"तर साहेबबाई तसा शेरा लिहून जातील. मला जमुनासारखी मुलं हवीत."

जाईबाई मागून म्हणाली, "नाई रडणार वो बाई. तुमी फिकीर नोका करू."

मला म्हणायचं होतं की पोरांना पोटभर खाऊ घाला, अंग पुसा, चांगले कपडे घाला. पण ते मी बोलले नव्हते. बोलले होते ते एवढंच, की रडता कामा नये.

सोमवारी मी तक्ते लावले, मण्यांची माळ टांगली, उंबऱ्यावर रांगोळी काढली. पोरं येऊ लागली. मोठी आली ती आपापली बसली. धाकटी आली ती कडेवर मान टाकून. चतुराबाईनं एकाला सतरंजीवर निजवलं, मग दुसऱ्याला, मग तिसरीला. दहा वाजता नऊ पोरं ओळीनं आडवी झाली होती आणि खोलीत माशीचा आवाज येत होता. दोन महिने मी ज्या शांततेसाठी घसा फोडला ती हीच, आणि तिनं माझ्या अंगावर काटा आला.

मी एकाला हलवलं. त्यानं डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. दुसरीला चिमटा काढला, ती कण्हली. जमुनाला हलवलं तेव्हा तिचं डोकं माझ्या हातावर घरंगळलं. मी तिच्या गालावर चापट मारली, मग जोरात मारली. काहीच नाही.

"चतुराबाई, काय दिलंय ह्यांना?"

चतुराबाई भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. "तुमीच तं सांगतलं बाई, रडाले नाई पायजे. साऱ्याईनं देल्ली. ज्या रोज देत नाई त्याईनंबी देल्ली. जमुनीले दोन देल्ल्या."

एवढ्यात गाडीचा आवाज आला. दारात जीप थांबली.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी मात्र जमुनाच्या अंगावर चादर ओढली आणि हात जोडून दारात गेले. अफू म्हणजे पोलीस, हे एकच डोक्यात घुमत होतं. माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, पंचनामा, कोर्ट. भीतीनं माणूस इतका नालायक होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मुख्यसेविकाबाई उंच होत्या, खादीचं पांढरं लुगडं, चष्मा. आत आल्या आणि थबकल्या.

"ही सगळी निजलीत?"

"विश्रांतीचा तास आहे," मी म्हणाले.

"सकाळी साडेदहाला?"

"वेचणीमुळे पोरं पहाटे उठतात बाई. म्हणून वेळ बदलली." खोटं इतक्या सहज आलं की मीच चकित झाले.

त्यांनी मान डोलावली. त्या पाय न वाजवता ओळीजवळून चालत गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पंधरा बालवाड्या पाहिल्या मी. कानठळ्या बसतात. अशी शिस्त कुठं पाहिली नाही." मग टेबलाशी बसून त्यांनी मोठ्या मुलांना गाणं म्हणायला लावलं आणि शेरेबुक मागितलं.

मी चादर सारखी करायच्या निमित्तानं जमुनाजवळ बसले. छातीवर हात ठेवला. एक श्वास आला. मी मनात आकडे मोजू लागले. पाचाला दुसरा आला. मोठी पोरं गात होती. मग सातापर्यंत मोजलं तेव्हा आला. मुख्यसेविकाबाई लिहीत होत्या, दौतीत टाक बुडवल्याचं मला ऐकू येत होतं. मग नऊ. जमुनाचे ओठ निळे पडले होते, नखंही. मी दहा मोजले. अकरा मोजले. बारा. तेरा. माझ्या हाताखाली काहीच हललं नाही, आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

"बाई, ही मुलं झोपलेली नाहीत. ह्यांना अफू दिली आहे. ही मरतेय."

श्वास आला, पण मी तोवर ओरडले होते. गाणं थांबलं.

मुख्यसेविकाबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. टाक टाकला, येऊन जमुनाची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली सुईच्या टोकाएवढी झाली होती. "ड्रायव्हर, गाडी!" त्या ओरडल्या. मग चतुराबाईला म्हणाल्या, "बाकीच्यांना उठवा. पाणी मारा, चालवा, मारून चालवा, पण एकालाही निजू देऊ नका. आणि आयांना शेतातून बोलवा."

सात मैल. रस्ता कच्चा, आणि त्यावर मूर्तिजापूरला जिनिंगमध्ये निघालेल्या कापसाच्या गाड्या एकामागे एक. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, बैल बुजत होते, गाडीवान शिव्या देत होते. मी जमुनाला मांडीवर घेऊन तिच्या तळपायांवर चापट्या मारत होते. "रड," मी तिला म्हणत होते. "रड ना ग, रड." मुख्यसेविकाबाई तिच्या नाकाशी बोट धरून बसल्या होत्या. दर वेळी श्वास आला की "आहे" म्हणायच्या. मधे एकदा त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, मला धीर झाला नाही. मग त्या म्हणाल्या, "आहे."

दवाखान्यात डॉक्टरांनी पोर हातातून घेतली आणि दार लोटलं. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. आतून भांड्यांचा आवाज येत होता. कंपाउंडर बादली घेऊन बाहेर आला, पुन्हा आत गेला. मी त्याच्या तोंडाकडे पाहायची आणि तो तोंड फिरवायचा.

मी मुख्यसेविकाबाईंना सगळं सांगून टाकलं. शनिवारचं, चतुराबाईनं आधी सांगितलेलं, विश्रांतीच्या तासाचं. मनाशी म्हटलं, आता ह्या मला पोलिसांत देतील, दिलं तर बरंच होईल. त्या ऐकत राहिल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"शेऱ्यात मी 'आदर्श' लिहिलं आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी चष्मा मांडीवर ठेवला.

"ते पोस्टकार्ड माझ्याच हातचं. स्वच्छ, शांत व शिस्तीत. प्रत्येक गावाला तेच पाठवते." त्या बोटांवर मोजू लागल्या. "उद्या आणि परवा मिळून चार गावं आहेत. तिथली कार्डं गुरुवारीच गेली."

त्या उठल्या, ड्रायव्हरला हाक मारली आणि आजच्या आज चारही गावं करायची आहेत, पेट्रोल भरून आण, म्हणून सांगितलं. तेवढ्यात आतून आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग चिरका, मग सलग, छपराला भिडणारा. जमुना रडत होती. मी तिचं रडणं पहिल्यांदाच ऐकत होते. मी बाकाची कड धरून बसून राहिले. मुख्यसेविकाबाईंनी भिंतीला हात टेकला आणि डोळे मिटले.

फाटकातून जाईबाई धावत आली. कुणाच्या तरी गाडीवर बसून निम्मा रस्ता आणि निम्मा पळत. साहेबबाई जमुनाला जीपमधून घेऊन गेल्या, एवढंच तिला शेतात कळलं होतं. ओटीतला कापूस तसाच होता. तिनं जीप पाहिली, पांढरं लुगडं पाहिलं, आणि आतलं रडणं ऐकलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती सरळ मुख्यसेविकाबाईंच्या पायाशी बसली.

"रडली का वो माही पोरगी? साहेबबाई, थे कधीच नाई रडत, ह्या बाईले इचारा. आजच कशी रडून राह्यली काय मालूम. माह्याच हातून कमी पडली असन. येक डाव माफी करा, बालवाडी नोका मोडू. आत्ता चूप करतो तिले, आत्ताच्या आत्ता."

आणि बोलता बोलता तिनं पदराची गाठ सोडली, बोटांच्या चिमटीत काहीतरी काळं धरलं आणि दाराकडे वळली.

मी तिचं मनगट धरलं. तिनं सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, मग घाबरून माझ्याकडे पाहत राहिली.

"रडू दे तिला," मी म्हणाले.

तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही.