विहिरीपाशी थांबलेली गोष्ट

आरोहीनं भरलेली कांडी काढून टोपलीत टाकली, रिकामी चाकावर चढवली आणि मांडीवरच्या सुताखालून पुस्तक बोटभर बाहेर ओढलं. समोर सासूबाईंचा माग धडधडत होता. दुर्गाबाईंची नजर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यावर होती, निदान आरोहीला तरी तसं वाटत होतं.

सातवा महिना लागला तसं दुर्गाबाईंनी तिला मागावरून उठवून कांड्या भरायला बसवलं होतं. वर बजावलंही होतं,

"भुताखेताचं काय वाचाय घेऊ नकोस आता. दोन जिवांची हाईस."

पण खासबागेतल्या त्या घरात दिवसभर दुसरं करायचं तरी काय? नवरा मंथन सकाळीच उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला जायचा. वाचनालयातून पुस्तकं तोच चोरून आणायचा आणि आईसमोर साळसूद चेहरा करून जेवायला बसायचा. आरोहीला भुतांची गोडी शाळेपासूनची. गेल्या वर्षी पोटातलं राहिलं नाही, तेव्हापासून तर ती अधाशासारखी वाचत सुटली होती. पुस्तकातली भीती बरी, नको झाली की मिटून ठेवता येते. दवाखान्याची पायरी चढताना वाटणारी भीती कुठं मिटून ठेवायची?

हातातल्या गोष्टीत बाळंतपणात गेलेली एक बाई होती. गावात नव्यानं आलेल्या मास्तरणीला ती विहिरीपाशी दिसायची, रोज थोडी जवळ. आज मास्तरीण आपणहून विहिरीकडे निघाली होती. आरोहीनं पान उलटलं, दोन ओळी वाचल्या आणि तिला पुढं वाचवेना. पुस्तक सुताखाली सारून ती पोटावर हात ठेवून बसली.

एकाएकी माग थांबला. वीज गेली नव्हती, पंखा फिरत होता. पाहुणे दारात आले तरी भर कामात दुर्गाबाई माग बंद करत नसत. त्या पदराला हात पुसत समोर येऊन उभ्या राहिल्या. आता पुस्तक जाणार आणि संध्याकाळी मंथनचीही खरडपट्टी निघणार, हे आरोहीनं ओळखलं.

"फुडं काय झालं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"कशाचं?"

"त्या मास्तरणीचं. ती हिरीपाशी गेली आनि तू गप बसलीस."

आरोहीनं सुताखालचं पुस्तक आणखी आत सारलं.

"व्हट हलतात तुझे वाचताना. ह्या खडखडाटात कान कुठं चालतात? आमी जलमभर एकमेकींचे व्हट बघूनच बोलत आलोय. परवापासनं समदी गोष्ट कळतीया मला."

आरोहीला हसू आलं आणि थोडा रागही.

"मग मला कशाला नको म्हणालता, आत्ती?"

"म्हनावं लागतंय गं." दुर्गाबाई सुताच्या गठ्ठ्यावर टेकल्या. "वाच आता. मोठ्यानं."

"नको. मला भ्या वाटतंय. ती बाई बाळंतपणातच गेलेली हाय. माझं बी तसंच झालं तर?"

दुर्गाबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या.

"माझी आई तशीच गेली," त्या म्हणाल्या. "धाकट्या भावाच्या वक्ताला. गावात म्हनायचे, तिनीसांजंला हिरीपाशी हुबी ऱ्हाती. पोरं त्या वाटंनं जायाची न्हाईत."

"आणि तुम्ही?"

"मी रोज जायाची."

"एकटी? भ्या न्हाय वाटलं?"

"भ्या कशाचं? आई हुती न्हवं माझी." दुर्गाबाईंनी सुताखालचं पुस्तक स्वतःच ओढून काढलं आणि सुनेच्या हातात दिलं. "पर दिसली न्हाय गं, एकदाबी. तू वाच फुडं. ती त्या मास्तरणीला काय म्हनती, तेवढं कळू दे मला."