पेनचं कुलूप

रीनाला राग आला की तिचा आवाज बारीक होतो. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं. म्हणून ग्रामसभेच्या गोदामाच्या ओट्यावर बसून मोबाइलकडे बघत ती हळूच म्हणाली, "हे इथी कसं आलं?" तेव्हा शेजारच्या सुकरीबाईनं तंबाखूची डबी बंद करून ठेवली.

मोबाइलवर गडचिरोलीच्या कुण्या विक्कीचं सहलींचं पान होतं, आणि त्यावर फोटो होता यांच्या पेनठाण्याचा. गोंडीत पेन म्हणजे देव. देवाच्या त्या जागी गावचा माणूससुद्धा ओढ्याच्या अलीकडे चपला सोडून जातो, आणि गायत्याला, गावच्या देवाचं बघणाऱ्याला, विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. अन् या पठ्ठ्यानं खाली लिहिलं होतं, 'जंगलात लपलेलं ठिकाण. नकाशा उद्या टाकतो.' फोटो त्यानं उतरवूनही घेतला नव्हता. थेट ग्रामसभेच्या वेबसाइटवरून उसना दाखवत होता. आणि नकाशाही तिथंच, त्याच 'pen' नावाच्या फोल्डरात होता.

वेबसाइट रीनाची. म्हणजे ग्रामसभेची, पण बांधली तिनं. बांबूची, मोहाची माहिती सगळ्यांसाठी उघडी. म्हाताऱ्यांची गाणी आणि पेनचे फोटो फक्त सभासदांसाठी, पासवर्डच्या आत. सभेत हा विषय निघाला तेव्हा जंगू गायता आडवा आला होता. रीना उभी राहून म्हणाली होती, "सभासदाशिवाय कोणी पाहणार नाई. माझी जबान." सभेनं होकार दिला तो वेबसाइटला नाही, तिच्या जबानीला.

जंगू आता तिच्यासमोर येऊन उभा राहिला. चिडला नव्हता, तेच जास्त लागलं. "बंद होत असन तर कर, पोरी. नाई तर उद्या सकाळी सभेत पुसून टाक. सारंच. गाणेबी."

त्या गाण्यांतली अर्धी सुकरीबाईच्या गळ्यातली होती. बाकीची म्हणणारे आता राहिले नव्हते.

रीना कामाला लागली. सभासदांचं पान उघडलं, तर पासवर्ड मागितला. दार धड होतं. मग एका गाण्याचा पत्ता थेट टाकून पाहिला. तिथंही पासवर्ड मागितला. मग पेनच्या फोटोचा पत्ता टाकला, आणि काही न विचारता फोटो समोर हजर. एकाच सॉफ्टवेअरचं कुलूप, एकाच दिवशी लावलेलं. गाण्यांचं घट्ट, पेनचं नावालाच.

तिनं सर्व्हरवाल्या कंपनीला फोन लावला. नागपुरातून आदेश नावाचा कोणी बोलला, अगदी इस्त्री केलेल्या भाषेत. आधी म्हणाला, ब्राउझर साफ करा. मग म्हणाला, पासवर्ड बदला. मग म्हणाला, सभासदांचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका.

"तिन्ही करून झालं, भाऊ. गाण्यायचं फोल्डर बंद हाय, पेनचं उघडं हाय. तुमच्या सर्व्हरवर पेनसाठी काय वेगळं लिहून ठेवलं ते पाहा."

बराच वेळ नुसती कीबोर्डची टकटक. मग तो घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, तुमची साइट नव्या सर्व्हरवर हलवताना आमच्याकडून काही फोल्डर खुल्या यादीत गेलेत. लोगो, चिन्हं, असली चित्रं. ती सॉफ्टवेअरला न विचारता थेट दाखवली जातात. त्यात पेन आहे. म्हणजे, लिहायच्या पेनांची चित्रं असतील असं वाटलं असावं."

"काय म्हणते तो?" सुकरीबाईनं विचारलं.

"म्हणते, आपला देव शाईचा हाय."

"मंग त्याच शाईनं चूक लिहून दे म्हणा."

आदेशकडे उपायही तयार होता. "सोपं आहे, मॅडम. फोल्डरचं नाव बदला. 'डेटा' असं काही ठेवा. दोन मिनिटांत कुलूप लागेल. आमची यादी बदलायची तर सरांची परवानगी लागते, ती सोमवारी."

दोन मिनिटांत सुटका होती. गाणीही वाचली असती, जबानही. पण रीनाचा आवाज आणखी बारीक झाला. "शाळेत मास्तरले माझ्या मायचं नाव म्हणता नाई आलं, त्यानं दुसरंच लिहून टाकलं. माय मरेपर्यंत तेच घेऊन जगली. आता देवाचंबी तुमच्या सोयीनं बदलू? नाई बदलत. यादी तुमची चुकली, यादी बदला."

"मॅडम, सोमवारी—"

तिनं फोन ठेवला, होस्टिंगच्या पानावर गेली आणि अख्खी वेबसाइट बंद करून टाकली. विक्कीच्या पानावर फोटोच्या जागी कोरी चौकट उरली. पाचच मिनिटांत आदेशचा फोन आला.

"मॅडम, तुमची साइट पडली आहे."

"पडली नाई. म्या पाडली."

"पण बांबूचं पानही बंद झालंय. घेणारे लोक बघतात ते."

"बघू द्या, अन् विचारू द्या काऊन बंद हाय. मी सांगन, कंपनीचं नाव घेऊन सांगन. देवाले लेखणी समजले म्हणून."

सोमवारचे सर त्याच दुपारी सापडले. चहाची भांडी विसळून होईतो पुन्हा फोन वाजला. जंगू ओट्याच्या टोकाला बसून होता. रीनानं त्याला ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"यादीतून काढलंय, मॅडम," आदेश म्हणाला. रीनानं साइट सुरू केली, तसा तो पुढं म्हणाला, "आता तपासायला एका सभासदाचा पासवर्ड द्या."

"नाई. तुम्ही सभासद नाई."

"मग मी तपासू कसं?"

"विक्कीनं जसं उघडलं, तसं उघडून पाहा. नकाशाबी पाहा."

टकटक झाली. थांबली. पुन्हा झाली. मग जो आवाज आला त्याची इस्त्री पार मोडलेली होती. "बाई, मलेबी उघडून नाई राह्यलं."

रीनाला हसू आलं. "कुठचे तुम्ही, भाऊ?"

"चामोर्शीचा, गडचिरोलीकडचाच."

जंगू मोबाइलकडे वाकला. "त्याले म्हण, आणखी एकदा पाहा. जोर लावून पाहा."

आदेशनं पुन्हा पाहिलं. "नाई उघडत, काका. पासवर्डच मागते."

जंगू उठला, ओट्याखालच्या चपला पायात सरकवल्या. "मंग उद्या सभेत पुसायचं काई नाई," तो म्हणाला, आणि सुकरीबाईकडे वळला. "तुझं ते एक गाणं राह्यलं होतं ना, बाई? ते भरून टाक त्यात."